सिंगापुरातील वास्तव्यात स्थानिक खाण्याची ओळख कशी करून घ्यावी?

पूर्वेची खिडकी

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने आमचे कुटुंब नुकतेच सिंगापूरला आले असून तोआ पायोह भागात आम्ही भाड्याने घर घेतले आहे. इमारतीपासून चालत पाच मिनिटांवर भाजी-मासळीचा बाजार आणि त्याला लागूनच मोठे हॉकर सेंटर, म्हणजे एकाच छपराखाली अनेक छोटे खाद्यस्टॉल असलेली जागा, आहे. येता-जाता तेथील गर्दी पाहतो, परंतु आत गेल्यावर इतके स्टॉल आणि इतक्या अनोळखी पाट्या समोर येतात की शेवटी सहकाऱ्यांनी एकदा खाऊ घातलेला चिकन राइसच पुन्हा मागवला जातो, किंवा मग सगळे मिळून लिटल इंडियात जाऊन डोसा खाऊन परततो.

येथे काही काळ राहायचेच आहे, तर येथील माणसे जे खातात ते समजून घेऊन खावे अशी मनापासून इच्छा आहे. मी मासे आणि कोंबडी खातो. पत्नी शाकाहारी आहे आणि अंडेही खात नाही. आश्विन महिन्यात आई-वडील येणार आहेत आणि ते कांदा-लसूणही टाळतात. इंटरनेटवर ‘खायलाच हवेत असे पदार्थ’ या धर्तीच्या याद्या पुष्कळ आहेत, पण त्या चार दिवसांसाठी आलेल्या पर्यटकासाठी लिहिलेल्या वाटतात. जो येथे राहणार आहे त्याने कोठून सुरुवात करावी, स्टॉल कसा पारखावा, आणि शाकाहारी माणसाने नेमके काय विचारावे, यावर अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

बंदरकाठ

सुरुवात प्रसिद्ध ठिकाणांपासून करू नये, घराजवळच्या हॉकर सेंटरपासूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. यामागे या शहराची घडणच कारणीभूत आहे. पूर्वी येथील विक्रेते रस्त्याच्या कडेला हातगाड्यांवर अन्न विकत असत. 1968-69 मध्ये सरकारने त्यांची नोंदणी केली आणि पुढे 1986 पर्यंत टप्प्याटप्प्याने सर्वांना नळाचे पाणी, सांडपाण्याची व्यवस्था आणि डोक्यावर छप्पर असलेल्या हॉकर सेंटरांमध्ये हलवले. ही सेंटरे बहुधा नव्या वसाहतींच्या मध्यभागी, बाजाराला लागून उभारली गेली. त्यामुळे उत्तम हात असलेला विक्रेता शहराच्या मध्यवर्ती पर्यटनस्थळीच सापडेल असे मुळीच नाही. तो तोआ पायोहमध्ये असू शकतो, बेडोकमध्ये असू शकतो, आणि त्याचे बहुतेक गिराईक आजूबाजूच्या इमारतींमधलेच असते. आज शहरात शंभराहून अधिक हॉकर सेंटरे आहेत. 2020 मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या या हॉकर संस्कृतीचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तो एखाद्या पदार्थासाठी नव्हे, तर सर्व थरांतल्या आणि सर्व धर्मांच्या माणसांनी एकाच छपराखाली बसून जेवण्याच्या या पद्धतीसाठी.

तेव्हा पहिला महिनाभर दुसरीकडे कोठेही न जाता आपले एकच सेंटर वेगवेगळ्या वेळी पाहावे. सकाळी सातला, दुपारी साडेबाराला, तिसऱ्या प्रहरी आणि रात्री आठला तेथे जणू चार निराळी सेंटरे भरतात. सकाळचे स्टॉल एक-दोन वाजेपर्यंत आवरून जातात, काही स्टॉल संध्याकाळीच उघडतात, आणि प्रत्येकाचा सुटीचा वार वेगळा असतो. सोमवारी बरेच स्टॉल बंद दिसतील. शिवाय ठरावीक काळाने संपूर्ण सेंटर साफसफाईसाठी बंद ठेवतात. त्याची सूचना आधीच लावलेली असते. सकाळी तांदळाच्या बारीक शेवया, तळलेले पदार्थ आणि चुई कुए हा वाफवलेला नाश्ता असतो. दुपारी बारा ते दीड ही ऑफिसांची वेळ असल्याने त्या वेळी विक्रेत्याशी बोलणे अशक्य असते. तुम्हाला काही विचारायचे असेल तर तीनच्या सुमारास जावे. तेव्हा गर्दी ओसरलेली असते आणि स्टॉल चालवणारे काका-काकू स्वतः खुर्ची ओढून बसलेले असतात. त्यांना सगळेच ‘अंकल’ आणि ‘आंटी’ म्हणतात, तुम्हीही निःसंकोच म्हणावे.

स्टॉल पारखण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण यातच खरा आनंद आहे. रांग लांब आहे एवढ्यावर जाऊ नये, रांगेत कोण उभे आहे ते पाहावे. घरच्या चपला घालून, हातात बाजाराची पिशवी घेऊन आलेली मंडळी रांगेत असतील तर त्या स्टॉलवर डोळे मिटून विश्वास ठेवावा. पाटीवर तीस पदार्थांची छायाचित्रे असलेल्या स्टॉलपेक्षा एक किंवा दोनच पदार्थ करणारा स्टॉल निवडावा. चुई कुएचेच उदाहरण घ्या. तांदळाचे पातळ पीठ अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या उथळ वाट्यांमध्ये ओतून वाफवतात. वाफवताना प्रत्येक कुएच्या मध्यभागी आपोआप खळगा पडतो आणि मागणी आली की आंटी चपट्या पट्टीच्या एका फटकाऱ्यात ती वाटीतून सोडवून कागदावर ठेवते आणि त्या खळग्यात खारवून परतलेल्या मुळ्याचा चमचाभर कीस घालते. चांगल्या स्टॉलवर मोठ्या वाफपात्रातून वाट्या सतत निघत असतात आणि कुए हातात येते तेव्हा ती गरम आणि थरथरती असते. थंड झालेल्या वाट्या रचून ठेवल्या असतील तर पुढे चालू लागावे. हाच निकष इतर पदार्थांनाही लावता येतो. समोर काय होते आहे ते पाहावे, वर्तमानपत्राची कात्रणे चिकटवलेली काच पाहू नये.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. टेबलावर टिश्यूची पुडी किंवा छत्री ठेवलेली दिसली तर ती जागा कोणीतरी धरलेली आहे असे समजावे. रिकामे ताट आणि ट्रे स्वतः उचलून ठेवणे 2021 च्या सप्टेंबरपासून बंधनकारक आहे. ट्रे ठेवण्याच्या ठिकाणी हलाल आणि इतर अशी वेगळी खणरचना असते, ती कटाक्षाने पाळावी. मुस्लिम विक्रेत्यांची भांडी वेगळी ठेवलेली असतात आणि त्यांत डुकराच्या मांसाचे उष्टे मिसळणे हा त्यांच्या श्रद्धेचा अवमान आहे. एका वेळचे साधे जेवण साधारण चार ते सहा सिंगापूर डॉलरमध्ये होते. स्थानिक बँक खाते सुरू होईपर्यंत सुटे पैसे जवळ ठेवावेत, कारण अनेक ज्येष्ठ विक्रेते रोख रक्कम किंवा येथील बँकेचे क्यूआर पेमेंट एवढेच घेतात.

तुळशीवृंदावन

बंदरकाठ यांनी बहुतेक सर्व सांगितले आहे, मी केवळ शाकाहाराविषयी लिहिते. येथे ‘हे शाकाहारी आहे का?’ असे विचारल्यास उत्तर अनेकदा ‘हो’ असेच मिळते आणि ते देणाऱ्याच्या मनात फसवणूक नसते. ज्या पदार्थात मांसाचा तुकडा दिसत नाही, तो त्यांच्या दृष्टीने भाजीचाच असतो. म्हणून प्रश्न घटकांची नावे घेऊन विचारावा. तीन गोष्टी लपलेल्या असतात. पहिली डुकराची चरबी, दुसरी सुकवलेली किंवा आंबवलेली कोळंबी, आणि तिसरी हाडांचा किंवा मासळीचा रस्सा.

उदाहरणे दिली म्हणजे अंदाज येईल. चिकन राइसमधला भात कोंबडीच्या चरबीत परतून तिच्याच रश्श्यात शिजवलेला असतो, त्यामुळे ‘नुसता भात द्या’ म्हणून उपयोग नाही. लाक्सा या शेवयांच्या पदार्थाचा रस्सा नारळाच्या दुधाचा दिसला तरी त्यात सोडे वाटलेले असतात. नासी लमाकचा भात नारळाच्या दुधातला असतो, परंतु सोबतच्या संबाल या मिरचीच्या चटणीत बलाचान, म्हणजे जवळा आंबवून केलेला गोळा असतो. फळांचे आणि काकडीचे रोजाक पाहून पत्नीला हमखास मोह होईल, पण त्यावरचा काळा दाट सॉस कोळंबीचा असतो. वर ज्या चुई कुएचे वर्णन आले आहे तिच्यावरचा मुळाही पूर्वापार चरबीत परततात आणि काही ठिकाणी त्यात सोडेही घालतात, त्यामुळे ती खास शाकाहारी स्टॉलवरच घ्यावी. टोस्टला लावतात त्या काया नावाच्या नारळाच्या मुरंब्यात अंडे असते. रोटी प्राटा हा पराठ्यासारखा पदार्थ मागतानाही पिठात अंडे आहे का हे विचारावे आणि सोबत मासळीचा रस्सा न घेता डाळ द्यायला सांगावे.

आता आनंदाची बाजू. जवळजवळ प्रत्येक मोठ्या हॉकर सेंटरमध्ये चिनी बौद्ध पद्धतीचा एक तरी शाकाहारी स्टॉल असतो. या परंपरेत कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या पाती वर्ज्य मानतात, त्यामुळे तुमच्या आई-वडिलांसाठी परदेशात इतकी सोयीची व्यवस्था फार थोड्या शहरांत मिळेल. दुकानदाराला ‘वो ची सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढे सांगितले की पुढचे बोलणे सोपे होते. अंड्याचे मात्र तेथेही वेगळे विचारावे, कारण काही स्टॉल वापरतात. सकाळी तांदळाच्या शेवया, त्यावर कोबी आणि सोयाच्या दुधावरील सायीचे कुरकुरीत तुकडे असा नाश्ता मिळतो. दुपारी भातासोबत दोन-तीन भाज्या बोटाने दाखवून घेता येतात. मांसाच्या आकाराचे आणि चवीचे सोयाचे पदार्थ पाहून वडीलधाऱ्यांना अवघडल्यासारखे होऊ शकते, त्याची कल्पना आधीच द्यावी.

हक्का समाजाचा लेई चा हा पदार्थ मला विशेष प्रिय आहे. भातावर बारीक चिरलेल्या पालेभाज्या, टोफू आणि शेंगदाणे पसरतात आणि सोबत चहाची पाने, पुदिना, तीळ व शेंगदाणे वाटून केलेले हिरवे गरम सार देतात. ते भातावर ओतून कालवायचे. शाकाहारी स्टॉल नसेल तर त्यात सुके मासे आणि सोडे घालू नका असे आधी सांगावे लागते. गोडामध्ये सोललेल्या मुगाच्या डाळीचे दाटसर ताउ सुआन, आल्याच्या किंवा साध्या पाकातले सोयाचे मऊ ताउ हुए, आणि काळ्या चिकट तांदळाची नारळाच्या दुधातली खीर हे सर्व निर्धोक आहे. ताउ सुआनवर तळलेल्या पिठाचे तुकडे घालतात, ते नको असल्यास सांगता येते.

एक सूचना आवर्जून करते. चिनी पंचांगातील पहिल्या आणि पंधराव्या तिथीला अनेक जण शाकाहार पाळतात, म्हणजे ढोबळमानाने आपली अमावास्या आणि पौर्णिमा. त्या दिवशी शाकाहारी स्टॉलवर मोठी रांग असते आणि चांगल्या भाज्या लवकर संपतात, परंतु ताजेपणाही त्या दिवशी सर्वाधिक असतो.

पूर्वेची खिडकी

दोघांचे मनःपूर्वक आभार. घटकांची नावे घेऊन विचारण्याची सूचना आजच अमलात आणली आणि पत्नीला प्रथमच निर्धास्तपणे शेवया खाता आल्या. आणखी दोन शंका आहेत. येथील कॉफी मागवण्याची पद्धत अद्याप उमजलेली नाही. वडिलांना मधुमेह असल्यामुळे साखरेविषयी नेमके सांगता येणे आवश्यक आहे. दुसरे असे की हॉकर सेंटर सोडून उपाहारगृहांत जाण्यात काही अर्थ आहे का?

कापडी गाळणी

कॉफीचे उत्तर आधी देतो. येथील पारंपरिक कॉफीच्या बिया साखर आणि लोणी किंवा मार्गारीन घालून भाजतात, त्यामुळे तिला गडद रंग आणि किंचित करपट गोडी येते. नंतर पूड लांब कापडी गाळणीत घालून, उंच चोचीच्या किटलीतून पाणी ओतून काढतात. नुसते ‘कोपी’ म्हटले की कंडेन्स्ड मिल्क घातलेली गोड कॉफी येते. ‘कोपी-ओ’ म्हणजे दुधाविना पण साखर घातलेली, आणि ‘कोपी-सी’ म्हणजे बिनसाखरेचे आटवलेले दूध आणि वेगळी साखर घातलेली. कोणत्याही प्रकारापुढे ‘कोसोंग’ जोडले की साखर घालत नाहीत आणि ‘सिउ दाई’ जोडले की कमी घालतात. वडिलांसाठी ‘कोपी-सी कोसोंग’ मागावी. साध्या कोपीत कंडेन्स्ड मिल्कमुळे साखर येतेच, हे लक्षात ठेवावे. चहासाठी कोपीच्या जागी ‘तेह’ म्हणावे, बाकी सर्व तसेच. थंड हवे असल्यास शेवटी ‘पेंग’.

बंदरकाठ यांच्याशी मात्र एका बाबतीत माझा मतभेद आहे. घराजवळचे सेंटर हा पाया म्हणून योग्य आहे, परंतु महिनाभर दुसरीकडे जाऊच नये हे मला पटत नाही, कारण या शहरातील प्रत्येक समाजाचे खाणे आपापल्या वस्तीत अधिक मोकळेपणाने उमलते. मलय पदार्थ घराजवळच्या सेंटरमध्ये एक-दोन स्टॉलवर मिळतील, पण गेलांग सराय बाजारात वरच्या मजल्यावर गेलात की त्यांची खरी व्याप्ती कळते. तेथून जवळच्या हेग रोडच्या सेंटरमध्ये पुतू पिरिंग करताना अवश्य पाहावे. लहान साच्यात तांदळाचे पीठ, मध्ये ताडगुळाचा खडा, वर पुन्हा पीठ, आणि मग वाफेवर उकडून ओल्या नारळाबरोबर पानावर देतात. तोंडात गूळ विरघळला की उकडीच्या मोदकाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही, आणि तो पदार्थ पत्नीलाही चालेल. जू चिआट आणि कातोंग भागात पेरानाकान, म्हणजे चिनी-मलय मिश्र परंपरेच्या समाजाचे रंगीत कुए (तांदळाच्या पिठाचे छोटे गोड-तिखट पदार्थ) मिळतात. कांपोंग ग्लाममध्ये सुलतान मशिदीसमोरच्या नॉर्थ ब्रिज रोडवर मुर्ताबाकची, म्हणजे सारण भरलेल्या पराठ्याची, जुनी उपाहारगृहे आहेत. संध्याकाळी बून टाट स्ट्रीट रहदारीला बंद करून लाउ पा सात या जुन्या हॉकर सेंटरच्या बाजूला साटेच्या, म्हणजे काडीला लावून भाजलेल्या मांसाच्या, शेगड्या मांडतात. पर्यटकांची गर्दी तेथे असतेच, तरीही तो धूर आणि ती लगबग एकदा अनुभवण्याजोगी आहे.

उपाहारगृहांत अवश्य जावे, पण कारण ठरवून जावे. जे पदार्थ चार-सहा जणांनी मिसळून खायचे असतात, उदाहरणार्थ अख्खा वाफवलेला मासा किंवा मिरची घातलेला खेकडा, त्यांसाठी मोठे टेबल आणि सवडीची वेळ लागते. एकट्यासाठी तेच पैसे हॉकर सेंटरमध्ये अधिक सत्कारणी लागतात. मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हे असतील तर त्यावर दहा टक्के सेवाशुल्क आणि 2024 पासून नऊ टक्के जीएसटी लागतो. वेगळी बक्षिशी देण्याची प्रथा नाही. चिनी उपाहारगृहात बसल्याबरोबर समोर येणारे शेंगदाणे आणि ओले रुमाल यांचे पैसे बिलात लावले जातात. नको असल्यास सुरुवातीलाच परत करावेत, त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. आणि मासा वजनावर विकला जात असेल तर तो शिजायला जाण्यापूर्वी वजन आणि दर विचारून घ्यावा.

बंदरकाठ

कापडी गाळणी यांचे म्हणणे पुतू पिरिंगपुरते तरी मान्य करावेच लागेल. माझा आग्रह एवढ्यासाठी होता की नवा माणूस याद्या हातात घेऊन शहरभर फिरतो आणि वर्षअखेरीस त्याला पुष्कळ पदार्थांची नावे ठाऊक असतात, परंतु त्याला पाहिल्याबरोबर ‘आज नेहमीचेच ना?’ असे विचारणारा एकही विक्रेता नसतो. 2016 मध्ये मिशलिन या उपाहारगृहांना मानांकन देणाऱ्या मार्गदर्शिकेने येथील दोन हॉकर स्टॉलना तारा दिला, तेव्हापासून रांगांचे प्रस्थ वाढले आहे. त्या विक्रेत्यांच्या कौशल्याविषयी मला आदरच आहे, पण दोन तास उभे राहून मिळवलेल्या एका वाडग्यापेक्षा ओळखीच्या हाताने, आपल्याला तिखट किती चालते हे जाणून केलेला वाडगा मला अधिक मोलाचा वाटतो. येथील बरेच विक्रेते वयस्कर आहेत आणि अनेकांची मुले हा व्यवसाय पुढे चालवणार नाहीत. त्यांच्याकडे नियमित जाणारे गिराईक असणे हे त्यांच्यासाठीही महत्त्वाचे आहे.

पूर्वेची खिडकी

दोन्ही बाजू पटल्या. आठवड्यातील दिवस घराजवळ आणि रविवार एखाद्या वस्तीसाठी, असे आम्ही ठरवले आहे. तुळशीवृंदावन यांना एक शेवटचा प्रश्न. आई-वडिलांना पहिल्याच आठवड्यात कोठे न्यावे, जेणेकरून त्यांना फार चालावेही लागणार नाही आणि खाण्याची धास्तीही राहणार नाही?

तुळशीवृंदावन

त्यांना सकाळी वॉटरलू स्ट्रीटवर घेऊन जावे. तेथे क्वान यिम या करुणेच्या देवीचे चिनी मंदिर आणि श्रीकृष्णाचे मंदिर अगदी शेजारी-शेजारी आहे आणि चिनी भाविक कृष्णाच्या दारातही उदबत्ती लावून हात जोडताना दिसतात. आई-वडिलांना परक्या ठिकाणी आल्यासारखे वाटणार नाही. दर्शन झाल्यावर काही पावलांवर मिडल रोडला फॉर्च्यून सेंटर नावाची जुनी इमारत आहे, तिच्या खालच्या मजल्यांवर शाकाहारी खाण्याची बरीच दुकाने आहेत. तेथे कांदा-लसणाविषयी विचारले तर कोणी चकित होऊन पाहत नाही, तो प्रश्न त्यांच्या रोजच्या सवयीचा आहे. पहिल्या दिवशी साध्या शेवया, वाफवलेले बाओ (सारण भरलेले मऊ पाव) आणि सोयाचे गरम दूध एवढेच घ्यावे. तिखट आणि सोयाच्या मांसासारख्या पदार्थांकडे नंतर वळावे.

ते आश्विनात येणार आहेत, म्हणून हेही सांगते. चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत येथे नऊ सम्राट देवतांचा उत्सव असतो आणि त्या काळात अनेक भाविक पूर्ण शाकाहार करतात. बहुतेक वर्षी हे नऊ दिवस आपल्या शारदीय नवरात्राच्याच सुमारास येतात, केवळ अधिक महिना दोन्ही पंचांगांत वेगवेगळ्या वेळी आला तर महिनाभराचे अंतर पडते. तुमच्या वर्षी दोन्ही एकत्र आले तर शाकाहारी दुकाने नेहमीपेक्षा बरीच गजबजलेली असतील. फॉर्च्यून सेंटरला तेव्हा जेवणासाठी अकराच्या आत पोहोचावे, म्हणजे वडीलधाऱ्यांना बसायला जागा मिळेल.